लेलँड पी-७६ खरंच 'लेमन' आहे का? घ्यावी की नाही?

तुझा प्रश्न वाचला. म्हणजे सिडनीतल्या ब्लॅकटाउनला तुझ्या शेजारचे ऐंशीच्या घरातले आजोबा त्यांची १९७४ ची लेलँड पी-७६ विकतायत, व्ही-८ (आठ सिलिंडरचं इंजिन) आहे, चाळीस वर्षं त्यांच्याच शेडमध्ये आहे, तुला आवडलीय, पण ऑफिसातले ऑसी लोक नुसतं नाव काढलं तरी हसतायत, लेमन आहे म्हणतायत, आणि बायको म्हणते जुनीच घ्यायची तर निदान नाव असलेली घे, होल्डन घे. तर काका, गाडी खरंच एवढी वाईट आहे का?

उत्तर आधी देऊन टाकतो. व्ही-८ आहे आणि पत्रा धड असेल तर घे. सहा सिलिंडरची असती तर मी नको म्हटलं असतं. कारण मोठं आहे, चहा घेऊन बस.

मी मूळचा कोल्हापूरचा, उद्यमनगरात हात काळे करून शिकलो, १९९१ ला सिडनीत आलो तेव्हापासून हाच धंदा, आणि गेली पंधरा-सोळा वर्षं फक्त जुन्या ऑस्ट्रेलियन गाड्याच करतो. इथं पहिल्यांदा लेलँड नाव ऐकलं तेव्हा मला वाटलं बस असणार. आपल्याला लेलँड म्हटलं की एस्टी आठवते, अशोक लेलँड. नातं आहेच म्हणा, अशोक लेलँडमध्येही त्याच ब्रिटिश कंपनीचा हिस्सा होता. पण इथं लेलँडनं फॅमिली कार काढली होती आणि तीसुद्धा व्ही-८ इंजिनची, हे मला कुणी सांगितलं तेव्हा खरं वाटलं नाही.

आता 'लेमन' म्हणजे काय ते आधी. नवी घेतलेली गाडी सारखी बिघडत असेल, दर पंधरा दिवसांनी शोरूमच्या दारात उभी असेल, तर तिला इकडं लेमन म्हणतात. आपण नव्या गाडीला लिंबू-मिरची बांधतो नजर लागू नये म्हणून, हे लोक गाडीलाच लिंबू म्हणतात. पी-७६ ला हे नाव चिकटलं ते आजतागायत सुटलं नाही. ज्यांनी आयुष्यात ही गाडी जवळून बघितली नाही, ज्यांचा जन्म ती बंद झाल्यावर झाला, तेपण हसतात.

तर झालं असं. सत्तरच्या सुमाराला ऑस्ट्रेलियात फॅमिली कार म्हणजे तीनच, होल्डन, फोर्ड फाल्कन आणि क्रायस्लर व्हॅलियंट. तिन्ही अमेरिकन कंपन्यांच्या. लांबरुंद गाड्या, मागच्या चाकांवर चालणाऱ्या, सहा सिलिंडर किंवा व्ही-८, मागं तीन पोरं, डिकीत तंबू आणि एस्की (बर्फाची पेटी), मागं ट्रेलर लावून हजार किलोमीटर जाऊन यायचं. होल्डनची एचक्यू १९७१ ला आली आणि तिच्या जवळपास ४ लाख ८५ हजार गाड्या निघाल्या, होल्डनचं तेवढं खपलेलं मॉडेल दुसरं नाही. किंग्सवूड म्हणतात ते याच मालिकेतलं एक मॉडेल, तुझी बायको बहुतेक तिच्याबद्दलच बोलत असणार. फाल्कनची एक्सए १९७२ ला आली, पूर्ण इथं डिझाइन केलेली पहिली फाल्कन.

आणि लेलँड ऑस्ट्रेलियाकडे, म्हणजे आधीच्या बीएमसीकडे (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन) काय होतं, तर मिनी, मोक, मॉरिस ११००, ऑस्टिन १८००. सगळ्या इंग्लंडच्या गल्लीबोळांसाठी केलेल्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. चांगल्या होत्या, पण इथला शेतकरी बघायचा आणि म्हणायचा हिच्यामागं माझा ट्रेलर कसा ओढणार. १९७० ला त्यांनी १८०० चीच बॉडी ताणून सहा सिलिंडरच्या किंबर्ली आणि टास्मन काढल्या, त्या पडल्या. तेव्हा त्यांना कळलं की असं ठिगळ लावून चालणार नाही, होल्डनशी भिडायचं तर कोऱ्या कागदावरून गाडी काढायला लागेल. ती ही पी-७६, जून १९७३ ला बाजारात आली. सिडनीतच, झेटलंडच्या फॅक्टरीत बनायची, जी १९५० पासून तिथं जुन्या रेसकोर्सच्या जागेवर होती.

गाडीचा आकार जोव्हानी मिकेलोट्टीनं काढला. इटलीतला नावाजलेला डिझायनर. तुझ्या वडलांना विचार, त्यांनी स्टँडर्ड हेराल्ड बघितली असेल, मद्रासला बनायची ती, तिचा मूळ आकारही याच माणसाच्या हातचा, ट्रायंफ हेराल्डचा. हेराल्ड नाजूक होती, पी-७६ मात्र दांडगी. समोरून देखणी आहे, बाजूनं बघितली की पाचरीसारखी, पुढं बसकी आणि मागं उचललेली, आणि ती मागची बाजू अनेकांना तेव्हाही आवडली नव्हती. मला आवडते, पण माझं ऐकू नकोस, मला ॲम्बेसेडरपण सुंदर वाटते.

मागचं ढुंगण मोठं का, तर डिकीसाठी. कंपनीनं जाहिरातच केली होती की डिकीत ४४ गॅलनचं पिंप मावतं. आपल्याकडं रॉकेलच्या दुकानात असायचं ना, ते दोनशे लिटरचं लोखंडी पिंप, तेच. खरंच मावतं, मी स्वतः घालून बघितलंय, डिकीचं झाकण मात्र तेव्हा बंद होत नाही. आता मला सांग, कुठल्या घरच्या बाईनं शोरूममध्ये जाऊन विचारलं असेल की हिच्यात पिंप मावतं का? पण शेतकऱ्याला डोळ्यापुढं ठेवून केलेली जाहिरात होती ती, आणि आज पन्नास वर्षांनी लोकांना या गाडीबद्दल दोनच गोष्टी आठवतात, लेमन आणि पिंप.

इंजिनावर मात्र जरा थांबायला पाहिजे, कारण सगळी गंमत तिथंच आहे. हे व्ही-८ मुळात अमेरिकेतल्या ब्यूकचं. साठच्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सनं संपूर्ण ॲल्युमिनियमचं छोटं व्ही-८ काढलं आणि दोन-तीन वर्षांत सोडून दिलं, ओतकाम महाग पडायचं आणि कूलंटनं रेडिएटर चोक व्हायचे. रोव्हरनं ते विकत घेतलं, ३.५ लिटरचं, तेच पुढं रेंज रोव्हरमध्ये आलं. लेलँड ऑस्ट्रेलियानं त्याचा ब्लॉक उंच केला, स्ट्रोक (पिस्टनची धाव) वाढवला आणि ४.४ लिटर केलं, ४,४१६ सीसी, बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि स्ट्रोक दोन्ही ८८.९ मिलिमीटर. ताकद दोनशे हॉर्सपॉवरच्या आसपास. होल्डन आणि फोर्डची व्ही-८ सगळी बिडाची, दोन माणसांनी हलणार नाहीत अशी, आणि हे ॲल्युमिनियमचं, त्यामुळं पी-७६ चं नाक हलकं. त्यात रॅक अँड पिनियन स्टिअरिंग, पुढं मॅकफर्सन स्ट्रट, पुढच्या चाकांना डिस्क ब्रेक. त्या काळातली व्ही-८ होल्डन वळणावर टाकली की नाक सरळ जायला बघायचं, ही वळते. उद्यमनगरात ओतकाम बघत वाढलेल्या माणसाला असलं इंजिन उघडायला मिळालं की सणच असतो.

दारांच्या आत लांब पोलादी पट्ट्या होत्या, बाजूनं कुणी धडकलं तर आतल्या माणसाला लागू नये म्हणून. वायपर बोनेटच्या आड लपलेले. पुढची काच रबराच्या बीडिंगमध्ये न बसवता चिकटवलेली. सगळं काळाच्या जरा पुढचंच. 'व्हील्स' मासिकानं १९७३ ची 'कार ऑफ द इयर' म्हणून पी-७६ व्ही-८ निवडली. नीट वाच, व्ही-८. सहा सिलिंडरच्या गाडीला त्यांनी तो मान दिला नव्हता, आणि बरोबरच होतं. ते २.६ लिटरचं इंजिन म्हणजे किंबर्लीतल्या २.२ चंच फुगवलेलं रूप, एवढ्या अंगाच्या गाडीला ओढताना दमायचं. पुढं लोक त्या मासिकालाच चिडवायला लागले की लिंबाला बक्षीस दिलंत. मी म्हणतो त्यांनी निवड बरोबर केली होती, त्यांना चालवायला दिलेल्या गाड्या आणि गिऱ्हाइकाच्या घरी गेलेल्या गाड्या यात फरक होता एवढंच.

आणि हा फरकच मुळावर आला. गाडी घाईत बाजारात आणली. बाहेरून पार्ट पुरवणाऱ्यांकडं संप, मालाची टंचाई, लाइनवर गाड्या पार्टसाठी खोळंबलेल्या. जे हातात येईल ते बसवून गाडी बाहेर काढायची असं झालं. दारं नीट बसायची नाहीत, रबरं पाणी धरायची नाहीत, पावसात आत पाणी आणि कच्च्या रस्त्यावर आत धूळ, आतलं प्लास्टिक उन्हानं वेडंवाकडं व्हायचं, गाडी गरम व्हायची. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शन हे जे खरं इंजिनिअरिंग, ते बहुतेक ठीक होतं, पण माणूस गाडीत बसतो तेव्हा त्याला क्रँकशाफ्ट दिसत नाही रे, त्याला मांडीवर टपकलेलं पाणी दिसतं. नव्या गाडीत पहिल्या पावसाळ्यात पाय ओले झाले की तो माणूस दहा जणांना सांगणारच. आपल्याकडं 'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' म्हणतात, हिचं अगदी उलटं, हातात सोनं होतं पण नाव कथलाचं पडलं.

वर वेळ इतकी वाईट की ज्योतिषालाही सांगता आली नसती. जून ७३ ला गाडी आली. जुलै ७३ ला पंतप्रधान व्हिटलम यांच्या सरकारनं आयातीवरचा कर एकदम २५ टक्के कमी केला, जपानी गाड्यांना दार अजून उघडलं. ऑक्टोबरात अरब-इस्रायल युद्ध आणि तेलाचं संकट. ऑस्ट्रेलियाकडं स्वतःचं तेल होतं, बास सामुद्रधुनीतलं, त्यामुळं पंपावर अमेरिकेसारख्या रांगा नव्हत्या, पण लोकांचं मन फिरलं, मोठी गाडी नको असं वाटायला लागलं. त्यात महागाई. आणि एक गोष्ट कुणी फारशी बोलत नाही, ती मला सगळ्यात मोठी वाटते, पी-७६ फक्त सेदान होती. होल्डन आणि फाल्कनची स्टेशन वॅगन मिळायची, यूट (मागं सामानाचा उघडा हौदा असलेली) मिळायची, पॅनल व्हॅन मिळायची. चार पोरं आणि कुत्रं असलेल्या घराला वॅगन पाहिजे, शेतकऱ्याला यूट पाहिजे. लेलँडची वॅगन तयार होत होती, नमुना बनवला होता, पण विक्रीला आलीच नाही. म्हणजे फॅमिली कारच्या बाजारात उतरायचं आणि निम्म्या फॅमिलीला द्यायला काही नाही. यात संपाचा किंवा अरबांचा दोष नव्हता.

ऑक्टोबर १९७४ ला झेटलंड बंद करत असल्याचं जाहीर झालं. सव्वा वर्ष फक्त. सगळ्या मिळून अठरा हजारांच्या आसपास गाड्या झाल्या, न्यूझीलंडला जोडणी अजून थोडे दिवस चालली. हजारो लोकांच्या नोकऱ्या गेल्या. फोर्स सेव्हन नावाची कूपे, म्हणजे दोन दारांची, तयार होती, मागं मोठं वर उघडणारं दार असलेली, साठेक बनल्या होत्या, त्यातल्या हातावर मोजण्याइतक्या वाचल्या आणि बाकी सरळ भंगारात चेपल्या. माझ्या ओळखीचे एक म्हातारे फिटर होते, पूर्वी त्या लाइनवर काम केलेले, त्यांच्यासमोर हा विषय काढला की ते उठून बाहेर जायचे सिगरेट ओढायला. आता तिथं सगळे फ्लॅट आहेत, आपले कितीतरी आयटीवाले राहतात त्या भागात.

गाडी बंद पडली आणि मग चेष्टा सुरू झाली ती थांबली नाही. पी-३८ म्हणायचे, का तर अर्धीच गाडी. कंपनीच बंद पडली म्हटल्यावर बाजू मांडणार कोण? पहिल्या वर्षीच्या होल्डनलाही खोड्या होत्या, पहिली फाल्कन आली १९६० ला तेव्हा तिचं पुढचं सस्पेन्शन इथल्या रस्त्यांवर टिकत नव्हतं, तिचंही नाव खराब झालं होतं. पण फोर्डनं गाडी मजबूत केली आणि १९६५ ला यू यांग्जच्या टेस्ट ट्रॅकवर पाच गाड्या रात्रंदिवस पळवल्या, सगळ्या मिळून ७० हजार मैल, लोकांनी पेपरात वाचलं आणि विश्वास परत आला. फाल्कनला सुधारायला पाच वर्षं मिळाली. पी-७६ ला पंधरा महिने.

तसा हिचाही एक पराक्रम आहे. १९७४ ची वर्ल्ड कप रॅली, लंडनहून सहारा वाळवंट ओलांडून म्युनिकपर्यंत. सहाऱ्यात निम्म्याहून जास्त गाड्या रुतल्या, हरवल्या, मोडल्या. इव्हान ग्रीन आणि जॉन ब्रायसन यांनी पी-७६ व्ही-८ चालवली, एकूणात ते तेरावे आले, पण सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीच्या घाटरस्त्यावरचा खास टप्पा त्यांनी जिंकला. टार्गा फ्लोरिओ म्हणजे पोर्शे आणि फेरारीचं अंगण, तिथं ही पिंपवाली फॅमिली कार पहिली. त्याच्या आनंदात कंपनीनं टार्गा फ्लोरिओ नावाची खास आवृत्ती काढली, अलॉय व्हील आणि बाजूला पट्टे असलेली. आजोबांची ती असेल तर किंमत वेगळी, एकदा बघून घे.

अजून एक, रंगांची नावं. ही मला फार आवडतात. एकाचं नाव 'पील मी अ ग्रेप', म्हणजे मला द्राक्ष सोलून दे. नारंगी तो 'होम ऑन द ऑरेंज'. तपकिरी 'ओ फज'. आणि हिरवट पिवळा 'हेअरी लाइम', केसाळ लिंबू! ज्या गाडीला पुढं जग लिंबू म्हणणार होतं तिच्या रंगाला कंपनीनं स्वतःच लिंबू नाव दिलं, याला काय म्हणायचं.

बरं, आता तुझ्या कामाचं.

या इंजिनाचा एकच शत्रू, नळाचं पाणी. ॲल्युमिनियमचा ब्लॉक, ॲल्युमिनियमची हेड, त्यात इनहिबिटरवालं (गंज रोखणारं) कूलंट नसेल तर आतून खातं. माझ्याकडं एक गाडी आली होती, बाहेरून लखलखीत, मालक म्हणाला जरा गरम होते. हेड काढली तर पाण्याचे मार्ग मुंग्यांनी पोखरल्यासारखे, आधीच्या कुठल्यातरी मालकानं वर्षानुवर्षं बागेच्या पाइपनं रेडिएटर भरला होता. थर्मोस्टॅटपण काढून फेकलेला, म्हणे त्यानं गार राहते. बिडाचं इंजिन असलं लाड सहन करतं, हे करत नाही. ती दुरुस्त झाली पण गाडीच्या किमतीएवढा खर्च आला. त्यामुळं आजोबांना पहिला प्रश्न, कूलंट कुठलं घालता आणि शेवटचं कधी बदललं. चाळीस वर्षं एका हातातली गाडी आहे, त्यांना नक्की माहीत असेल, अशी माणसं वहीत लिहून ठेवतात. वही असेल तर फोटो काढून मला पाठव.

रेडिएटरचं झाकण इंजिन गार असतानाच उघड (भाजून घेऊ नकोस), आत तांबडं गढूळ पाणी दिसलं तर किंमत लगेच निम्मी मानायची. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ चिकटा दिसला तर हेड गॅस्केट गेलेलं समजायचं. टॅपेटची टकटक थोडी असतेच, पण गरम झाल्यावरही मोठ्यानं येत असेल तर कॅमशाफ्ट आणि रॉकर शाफ्ट झिजलेत, ते करता येतं, फार घाबरायचं नाही. रोव्हरच्या ३.५ चे काही पार्ट याला लागतात, पण ब्लॉक, क्रँक, इनटेक मॅनिफोल्ड या गाडीचेच, ते पी-७६ च्या क्लबवाल्यांकडूनच मिळतील. खरं सांगायचं तर कितीतरी पी-७६ या इंजिनापायीच मेल्या, रेंज रोव्हरवाल्यांना मोठं इंजिन पाहिजे म्हणून ते काढून घेतलं आणि बॉडी भंगारात. गाडीला नावं ठेवायची आणि इंजिन मात्र चोरून न्यायचं, असं आहे.

इंजिन दुरुस्त होतं रे, पत्रा होत नाही. पुढच्या काचेच्या खालची कड बघ, तिथून पाणी आत जातं आणि पायाखालची फ्लोअर सडते, म्हणून पुढचं मॅटिंग उचलायला सांग, लाजू नकोस. दारांखालच्या सिल, पुढच्या मडगार्डचा खालचा मागचा कोपरा, डिकीत स्पेअर व्हीलची जागा. खिशात चुंबक ठेव, जिथं चिकटत नाही तिथं आत लांबी (पुट्टी) भरलीय. दाराची रबरं नवी करून मिळतात, पण आतले डॅशचे प्लास्टिकचे भाग, ग्रिल, दिव्यांच्या काचा हे नवीन मिळत नाही, जे आहे ते शाबूत आहे का तेवढं बघ. दरवाजा लावताना 'ठप' आवाज यायची अपेक्षा करू नकोस, नवी होती तेव्हाही आला नाही.

पेट्रोल प्रीमियमच घाल. शहरात पितेच, व्ही-८ आहे, मायलेज विचारू नकोस. रोजची गाडी म्हणून घेत असशील तर नको, पण तुझ्याकडं कॅमरी आहेच. न्यू साउथ वेल्समध्ये तीस वर्षांवरची गाडी क्लबतर्फे हिस्टॉरिक रेगोवर (जुन्या गाड्यांच्या नोंदणीवर) चालवता येते, लॉगबुकमध्ये नोंद करून वर्षाला ६० दिवस, खर्च अगदी कमी, रविवारी पोरांना घेऊन हंटर व्हॅलीला जाऊन यायला तेवढं बास.

आणि होल्डनच घ्यावी का, तर बायकोचं चूक नाही. एचक्यूचा प्रत्येक नट-बोल्ट आजही मिळतो, कुठलाही मेकॅनिक डोळे मिटून करतो, विकायला काढलीस तर आठवड्यात जाते. पण चांगली एचक्यू व्ही-८ आता तुझ्या-माझ्या आवाक्यात राहिलेली नाही, होल्डनचा कारखाना २०१७ ला बंद झाला तेव्हापासून लोक वेड्यासारखे पैसे देतात. पी-७६ त्या मानानं स्वस्त मिळते, ती या बदनामीमुळंच. लोक हसतात तोपर्यंत तुझा फायदा.

सहा सिलिंडरवाल्यांना वाईट वाटलं असेल तर माफ करा, पण मी दोन उघडलीत आणि तिसरं उघडणार नाही.

शनिवारी जाणार असशील तर आजोबांना आधीच फोन करून सांग की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. बोनेटवर हात ठेवून बघ, गार पाहिजे. गरम लागलं तर समजायचं काहीतरी लपवायला आधी चालू करून ठेवलीय, मग चहा पिऊन परत ये. गार असेल तर समोर स्टार्ट करायला लाव, मागं उभा राहून धूर बघ, आणि तो पहिल्या अर्ध्या मिनिटाचा आवाज मोबाइलवर रेकॉर्ड करून मला पाठव, बाकी मी सांगतो.